रूथच्या शाळेबद्दल

ती. आई-बाबांस,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर रूथला घरीच शिकवतो म्हटल्यावर बाबा गप्प झाले, तेव्हाच ओळखलं. उभा जन्म मिशनच्या शाळेत शिकवलेल्या माणसाला नातीची घरातली शाळा पटावी कशी! मिशनरी सिंथिया फरारबाई १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या. आणि त्याच अमेरिकेत आपली लेक पोरीला घरात बसवते, असंच ना?

कायद्याची काळजी नको. टेक्सासात घरची शाळा खाजगी शाळाच धरतात.

आम्ही शार्लट मेसन या इंग्रज बाईंच्या पद्धतीने चालतो. त्यांनी १८८६ मध्ये घरच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. मूल जन्मतःच पूर्ण व्यक्ती असतं, हे त्यांचं पहिलं सूत्र. शुभवर्तमानातून त्यांनी मोठ्यांसाठी तीन नियम काढले : लहानांना अडखळवू नका, तुच्छ मानू नका, अडवू नका. शिवाय व्याकरण असो की गणित, खरा शिकवणारा पवित्र आत्माच, असं त्या मानत. म्हणून बेरजेच्या पानावर बायबलचं वचन चिकटवायची गरज उरत नाही. इथली काही ख्रिस्ती पाठ्यपुस्तकं तेच करतात, मला ते सोसवत नाही.

धडे छोटे, पंधरा-वीस मिनिटांचे. उतारा एकदाच वाचायचा, मग रूथने आपल्या शब्दांत सांगायचा. बायबलमधली दावीद-गल्याथची गोष्ट सांगताना दावीदच्या गोफणीने धिप्पाड गल्याथ पडला, तरी बाईसाहेब दावीदने गोटे वेचले त्या ओढ्याकाठीच. पाच गोटे उचलले, एकच लागला, मग उरलेल्या चारांचं त्याने काय केलं? मला कधी सुचलं नव्हतं. तुम्हाला?

बाबा, तुमचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तुमच्या वर्गात सगळ्या जातींची पोरं एका बाकावर बसायची. आम्ही दर आठवड्याला इतर कुटुंबांसोबत जमतो खरे, पण तीही आपल्याच चर्चमधली. पंडिता रमाबाई आईकडून रानात संस्कृत शिकल्या आणि पुढे केडगावला परक्या लेकींसाठी मुक्ती मिशन उभारलं, हे मी स्वतःला सांगते. पण प्रत्येक घरातून रमाबाई निघत नाहीत. म्हणून रूथला शेजारच्या सरकारी वाचनालयात आणि फुटबॉलला पाठवते. तेवढं पुरेल का, पुढच्या वर्षी बघू.

आता काम. तिचं मराठी तुम्ही घ्या. शनिवारी आमची सकाळ, तुमची संध्याकाळ. ना. वा. टिळकांच्या एखाद्या अभंगापासून सुरुवात करा. अर्थ आधी सांगू नका, तिला सांगू द्या. आणि आई, तू शेजारी बसून उत्तरं पुरवायची नाहीत.

तुमची,
करुणा