दहा पौंडांचं घर आणि सिमेंटचा गिलावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊसचं छायाचित्र होतं. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं १८९६ साली १० पौंडांत घेतलेली ही त्यांची पहिली इमारत, एवढं खाली छापलं होतं. पाद्र्यांचं हे घर सुमारे ६०० वर्षं उभं कसं राहिलं, ते राहून गेलं. १० पौंड ही नावापुरती किंमत. खरा पैसा लागला तो दुरुस्तीला.

घर ओकच्या लाकडी सांगाड्याचं. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कूस, म्हणजे तासून निमुळतं केलेलं टोक, बसवून वर लाकडी खुंट्या ठोकायच्या, अशी जोडणी. मधे थेट छपरापर्यंत उघडा हॉल, दोन्ही टोकांना माळ्याच्या खोल्या. माळे खालच्या भिंतीपेक्षा पुढे काढलेले, पण हॉलला माळाच नाही, त्यामुळे त्याची भिंत मागे राहते. छप्पर मात्र एकच सलग. म्हणून हॉलसमोर वळचणीची तुळई अधांतरी जाते आणि तिला दोन्ही बाजूंनी कमानदार तिरके टेकू दिलेले असतात. छायाचित्रात नेमकी हीच जागा कापली गेली आहे!

लाकडांमधल्या भिंती म्हणजे आपल्या कोकणातला कूडच. ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या काटक्या, वर माती, शेण आणि चिरलेला पेंढा. हॉलची जमीन खडू, म्हणजे मऊ पांढरा चुनखडीचा दगड, कुटून केलेली, वर आंबट दुधाचा हात. दुधातलं केसीन हे प्रथिन खडूची भुकटी धरून ठेवतं, पण पाणी साचलं की खडू मऊ पडतो.

अशा घराचा घात करतो तो सिमेंटचा गिलावा. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. सिमेंट हलत नाही. दोघांच्या सांध्यात केसाएवढी फट पडते, पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते जोत्यावरच्या आडव्या तुळईत मुरतं. तिथं खांबाचं कूस आधी कुजतं. वरून भिंत ठणठणीत दिसते, म्हणून कळतं तेव्हा खांब खचलेला असतो.

उपाय किचकट आहे, पण अवघड नाही. सिमेंट हळूच खरवडून काढायचं. कुजका भाग तेवढाच कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधायचा, अख्खा खांब बदलायचा नाही. मग मुरलेला चुना एक भाग, भरड वाळू तीन भाग आणि जनावराचे केस, असा गिलावा. थर जेमतेम ८ ते १० मिलिमीटरचे, आणि ओलं गोणपाट टाकून सावकाश वाळू द्यायचे. घाई केली की चिरा पडतात, थंडीत दहिवर गोठलं की गिलावा पापुद्र्यांनी सुटतो.

आपल्याकडे लाकडी वाड्यांवर सिमेंट चोपडणं अजून चालूच आहे. चुना मुरवण्यापासून गिलाव्यापर्यंत सगळं सांगणारा एखादा लेख पुरवणीत छापलात, तर वाडेवाल्यांना उपयोग होईल.

– एक वाचक, पुणे