पोस्टरवरची १,५०० ची तिकिटं नेमकी किती होती?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: डिसेंबरमधल्या नवी मुंबईच्या कॉन्सर्टची तिकिटं, जाहिरातीतला भाव आणि प्रत्यक्षात घेतलेले पैसे

नमस्कार,

मी डोंबिवलीला राहते. नाटक, सिनेमा, मॅच, सगळ्याची तिकिटं गेली सात-आठ वर्षं तुमच्याच ॲपवरून काढते, आजवर कधी तक्रार केली नाही. कलाकाराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रार गाण्याबद्दल नाहीच, गाणं सुंदर झालं. तक्रार तिकिटाच्या भावाबद्दल आहे आणि तो ज्या पद्धतीनं लावला गेला त्याबद्दल आहे.

तुमच्या जाहिरातीत "१,५०० पासून पुढे" असं मोठ्या अक्षरात होतं. आम्ही तिघं जाणार होतो, मी, माझी मुलगी आणि माझा भाऊ. भाऊ बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, गणपती, हळदी, लग्नं अशा सुपाऱ्या असतात त्याच्या, आणि या कलाकाराची गाणी त्यानं कॅसेटच्या काळापासून कानानं ऐकून ऐकून बसवलीयत. मुलगी कॉलेजात आहे, शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनं स्वतःच्या तिकिटाचे पैसे साठवले होते. म्हणजे साडेचार हजार तिकिटांचे आणि वर थोडे येण्याजाण्याचे, एवढा हिशोब करून आम्ही बसलो होतो.

विक्री दुपारी १२ ला सुरू होणार होती, मी ऑफिसात जेवणाची सुट्टी आधी मागून घेतली आणि ११:४० पासून रांगेत होते. स्क्रीनवर आकडा आला, तुमच्या पुढे ४१ हजार काहीतरी लोक. मोबाइल चार्जिंगला लावून तसाच हातात धरून बसले, तापला होता पण स्क्रीन बंद पडली तर रांग जाईल या भीतीनं खाली ठेवला नाही. १२:२६ ला आत गेले तर १,५०० चं तिकीट संपलेलं, २,००० चं संपलेलं, आणि खाली "फेज ३, सिल्व्हर, ३,०००". आता सिल्व्हर म्हणजे तेच मैदान, तोच कठडा, तीच उभी राहायची जागा जी १,५०० ला होती, फक्त आधी "फेज १" लिहिलेलं होतं.

वर घड्याळ उलटं चालू झालं, ८ मिनिटं. भावाला फोन लावला, तो म्हणाला घे बघू, होईल काहीतरी. तीन तिकिटं घेतली ९,०००, आणि पेमेंटच्या पानावर गेल्यावर त्यात १८ टक्के जीएसटी १,६२०, तुमची कन्व्हिनियन्स फी एका तिकिटाला ३०० प्रमाणे ९००, आणि त्या फीवर परत जीएसटी १६२. एकूण ११,६८२. भाऊ फोनवर एक क्षण गप्प झाला आणि म्हणाला ताई, तुम्ही दोघी जा, मी यूट्यूबवर बघीन. दोन मिनिटं उरली होती. मी एक तिकीट काढून टाकलं आणि दोन तिकिटांचे ७,७८८ भरले.

हे पत्र मी त्या एका काढून टाकलेल्या तिकिटासाठी लिहितेय.

कार्यक्रमाला आमच्या शेजारी एक मुलगा उभा होता, त्याच कठड्याला टेकून. त्याच्याकडे एका बँकेचं क्रेडिट कार्ड होतं म्हणून त्याला सगळ्यांसाठी विक्री उघडायच्या दोन दिवस आधी, प्रीसेलमध्ये १,५०० ला मिळालं होतं. त्याचा काही दोष नाही, चांगला होता, माझ्या मुलीला उंचवट्यावर जागा करून दिली त्यानं. पण माझ्याकडे तसलं कार्ड नाही, कोऑपरेटिव्ह बँकेचं डेबिट कार्ड आहे, म्हणून मी त्याच जागेचे दुप्पट द्यायचे का? आणि सगळ्यात वाईट वाटलं ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, तुमच्याच ॲपवर त्याच सिल्व्हरला "दोन तिकिटांवर एक फ्री" अशी ऑफर आली. म्हणजे तिकिटं शिल्लक होती! मग पहिल्या दिवशी २६ मिनिटांत संपलं ते काय होतं? मी लगेच भावाला फोन केला, तर तोवर त्यानं दुसऱ्या दिवसाची हळदीची सुपारी घेतली होती, इसार घेतला होता, तो येऊ शकला नाही.

तुमच्या कस्टमर केअरच्या मुलानं मला सांगितलं की मॅडम विमानाच्या तिकिटासारखं असतं हे, मागणी वाढली की भाव वाढतो. विमान मी दुसऱ्या दिवशीचं घेऊ शकते, नाहीतर ट्रेननं जाते. हा कलाकार एका संध्याकाळी येतो आणि जातो, त्याला पर्याय नाही, म्हणूनच तर लोक घाबरून घेतात.

मी फुकट मागत नाहीये. स्टेज, साउंड, लाइट, परवानग्या, बंदोबस्त, कलाकाराचं मानधन, सगळ्याला पैसा लागतो हे मला कळतं, भाऊ याच धंद्यात आहे. ज्याला अगदी पुढे उभं राहायचंय त्यानं १५ हजार द्यावेत, माझी काही हरकत नाही. नाटकालाही हेच असतं. आमच्याकडे सावित्रीबाई फुले नाट्यगृहात किंवा ठाण्याला गडकरी रंगायतनला तिकीटविक्रीचा प्लॅन लागला की पुढच्या रांगांचा भाव जास्त, मागचा कमी, बाल्कनीचा त्याहून कमी, आणि ज्या रांगेचा जो भाव तो पहिल्या माणसालाही तोच आणि शेवटच्यालाही तोच. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव बघा, पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला, तिथे खुर्चीचं तिकीट महाग असतं पण भारतीय बैठकही असते. भाऊ दोनदा गेलाय, सतरंजीवर बसून मोठमोठे गवई ऐकून आलाय. भाव जागेचा असावा हो. कोणाचं नेट जोरात आहे आणि कोणाच्या खिशात कुठलं कार्ड आहे याचा नसावा.

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन शो झाले, तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत होती आणि रिसेलला तीच लाखांच्या भावानं लावलेली सगळ्यांनी बघितली. मला वाटतं तेव्हापासून सगळ्यांनीच धरून चाललंय की पब्लिक कितीही देतं. पब्लिक देत नाही, ज्याच्याकडे आहेत तो देतो, आणि बाकीचे माझ्या भावासारखे फोनवर गप्प होतात.

अजून एक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल, नियमावली काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. आधी कमी किंमत दाखवायची आणि पेमेंटपर्यंत गेल्यावर एकेक आकार बाहेर काढायचा याला त्यात ड्रिप प्रायसिंग म्हटलंय, आणि संपत आलंय संपत आलंय अशी खोटी घाई करण्याचा प्रकारही त्यात आहे. ५०० रुपयांच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तुमची फी तर तुम्हीच ठरवता, मग ३,००० च्या जागी सगळं धरून ३,८९४ असं पहिल्याच पानावर लिहायला काय अडचण आहे? तसं लिहिलं असतं तर मी घड्याळ चालू असताना भावाला फोनवर ठेवून बेरजा करत बसले नसते.

माझ्या मागण्या सांगते. या कार्यक्रमाला १,५०० ची एकूण किती तिकिटं होती, त्यातली प्रीसेलला किती गेली आणि १२ वाजता सर्वसामान्य लोकांसाठी किती उरली होती, हा आकडा मला लेखी हवाय, गोल उत्तर नको. एकाच जागेच्या दोन तिकिटांवर फेजच्या नावाखाली जो ३,००० चा फरक घेतला तो आणि कन्व्हिनियन्स फी जीएसटीसकट ७०८ परत करा. पैसे तुम्ही एकवेळ नाकाराल, पण आकडा नाकारू नका.

पहिल्या मेलला "आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" एवढंच उत्तर आलं होतं, तसं परत पाठवू नका. १५ दिवस थांबते, नाहीतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आहे. तिकिटं, पेमेंटची पावती, तीन तिकिटांच्या ११,६८२ चा स्क्रीनशॉट आणि आदल्या दिवशीच्या ऑफरचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय, दोन्हींवर तारीख आणि वेळ दिसतेय.

आपली,
डोंबिवलीची एक ग्राहक