पाटी घ्यावी की पेटी

रामबाग, इंदूर

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, टॅबलेट घेऊ की छोटा लॅपटॉप?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्या मेसची घंटा झाली. मग रात्री तू लिंका पाठवल्यास, सात की आठ, सगळ्या टॅबलेटच्या. म्हणजे विचारलंस मला, पण ठरवून तू आधीच बसली होतीस. म्हणून हे पत्र लिहिते आहे. एवढं सगळं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू खाली एक अंगठा चिकटवून मोकळी झाली असतीस.

पैसे तुझे आहेत. बारावीला 75 टक्क्यांच्या वर गेलीस म्हणून सरकारनं लॅपटॉपसाठी 25,000 तुझ्या खात्यात टाकले. आत्याचं म्हणणं, योजनाच लॅपटॉपची, मग चर्चा कसली. तेवढ्यावर मी तुला गप्प बसवणार नाही. ऑफिस सुटल्यावर दादाला घेऊन मी सरळ जेल रोडला गेले, नॉवेल्टी मार्केटात, आणि दोन्ही वस्तू हातात धरून पाहिल्या.

टॅबलेट आधी पाहिला. काय सुरेख वस्तू आहे! अर्धा किलो वजन, पंखा नाही, आवाज नाही, बटण दाबलं की जागा. दुकानातल्या मुलानं लिहायला एक कोरं पान उघडून दिलं. खाली काचेवरच कीबोर्ड आला. मी सवयीनं दोन्ही हातांची बोटं मधल्या ओळीवर टेकवली, आणि मी काही टाइप करायच्या आधीच पानावर अक्षरांची रांगोळी उमटली. दादा हसला. पण त्यात हसण्यासारखं काय होतं? 1990 साली मी टाइपरायटरच्या मशीनवर शिकले तेव्हा पहिला धडाच तो होता, बोटं हवेत ठेवायची नाहीत. हिंदी रेमिंग्टन मांडणीत डाव्या हाताखाली अनुस्वार, एक मात्रा, क आणि पहिली वेलांटी; उजव्याखाली र, काना, स आणि य. बोटं तिथे विसावणार, तिथून उडी मारणार, परत घरी येणार. काचेवर बोटांना टेकायला घरच नाही. खऱ्या कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात ना, ते आंधळ्याच्या काठीसारखे आहेत. काचेवर बघून बघून मारावं लागतं, आणि बघून मारणाऱ्याला आमचे सर खाली मान घालायला सुद्धा देत नसत, हातांवर रुमाल टाकायचे.

तू म्हणशील, आई, मी काही टायपिस्ट होणार नाही. नको होऊस. पण उद्या इथल्या सरकारी कारकुनी नोकरीचा विचार मनात आला तर सीपीसीटी, म्हणजे कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा, द्यावी लागेल, आणि तिथे हिंदी टायपिंग इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल या कीबोर्डच्या मांडण्यांवर असतं. अंगठ्यांनी मारलेल्या मेसेजांचा तिथे उपयोग नाही. असो, हे माझं वेड झालं. तुझ्याकडे येते.

टॅबलेटची बाजू मी प्रामाणिकपणे मांडते, नाहीतर म्हणशील आईनं पत्ते लावून ठेवले. वाचायला तो सरस आहे, यात शंका नाही. तुमच्या सरांनी स्कॅन करून पाठवलेली पानं उभ्या टॅबलेटवर पुस्तकासारखी दिसतात. साडेबारा इंची लॅपटॉपचा पडदा आडवा, लांबट. त्यावर एका वेळी अर्धंच पान दिसतं आणि सारखं वर-खाली करावं लागतं. बॅटरीही टॅबलेटची जास्त पुरते. पांघरुणात शिरून वाचायचं असेल तर लॅपटॉप कुचकामी. गादीवर ठेवला की खालची हवेची भोकं बंद होतात आणि तापतो. आणि ते पेन! तुझा सगळा जीव त्या पेनात अडकलाय हे मला कळतं. मी दुकानात त्या पेननं आपलं नाव काढलं, तर माझं अक्षर सुद्धा बरं आलं.

पण एक सांग, मक्याच्या खोडाचा आडवा छेद, ते विखुरलेले ठिपके, तू कुठे काढतेस? प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये, एचबी पेन्सिलनं, आणि मॅडम त्यावर लाल सही करतात. काचेवर काढलेलं चित्र तिथे कोण घेणार?

आणि आता माझा खरा मुद्दा. गेल्या आठवड्यात तू काय काय केलंस ते मी तुझ्याच बोलण्यातून जुळवलं. लेक्चरचे व्हिडिओ पाहिलेस, फळ्याचा फोटो काढलास, पीडीएफ वाचल्यास, माझ्याशी बोललीस. हे सगळं तुझ्या फोननं केलं. अडलीस कुठे? सेमिनारच्या स्लाइड जुळवताना मैत्रिणीचा लॅपटॉप मागावा लागला. रिपोर्टातला तक्ता फोनवर सरकेना म्हणून रात्री एक वाजता मला रडका मेसेज आला. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर फोटो 50 केबीच्या आत बसेना म्हणून दुकानात जाऊन पैसे दिलेस. टॅबलेट म्हणजे तुझ्या फोनचा थोरला भाऊ. फोन जे करतो तेच तो मोठ्या पडद्यावर करील, आणि फोनचं जिथे अडतं तिथे बहुतेक त्याचंही अडेल. घरात चमचा असताना मोठा चमचा आणायचा की सुरी आणायची, एवढाच प्रश्न आहे.

टॅबलेटला कीबोर्डचं कव्हर मिळतं, हो, तेही पाहिलं. वेगळे पैसे. शिवाय मागचा टेकू उघडून तो टेबलावर उभा राहतो, मांडीवर मान टाकतो. तुझ्या खोलीत दोघींत मिळून एक टेबल. कव्हर लावल्यावर वजनही छोट्या लॅपटॉपच्या जवळ जातं, मग हलकेपणाचं कौतुक कशाला?

मात्र छोटा लॅपटॉप म्हणजे कुठलाही नाही. आपल्याकडचा तो 2017 चा आठवतो? स्वस्त, सुबक, बाबांनी हौसेनं आणलेला. त्यात सगळं साठवायला 32 जीबीची ईएमएमसी नावाची चिप होती. ती बोर्डावरच चिकटवलेली असते, बदलता येत नाही, आणि खऱ्या एसएसडीपेक्षा हळू. दोन वर्षांत सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. विंडोजचं अपडेट यायचं आणि जागा अपुरी म्हणून परत जायचं. जागा करायला मी तुझ्या वाढदिवसाचे फोटो पुसले, तरी ते बसलं नाहीच. फोटो गेले ते गेले. सध्या तो माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी पडून आहे, आणि त्याला पाहिलं की मला अजून राग येतो. नवा, कोरा, खोक्यातला, फार स्वस्त असा छोटा लॅपटॉप कुणी दाखवला तर आधी विचार, एसएसडी आहे की ईएमएमसी.

म्हणून आम्ही जुन्याकडे वळलो. कंपन्या आपल्या माणसांना देतात आणि तीन-चार वर्षांनी काढून टाकतात तसले साडेबारा इंची लॅपटॉप दुरुस्त करून विकायला येतात. वजन सव्वा किलोच्या आसपास, बिजागरी घट्ट, आणि कीबोर्ड असा की मला माझ्या जुन्या मशीनची आठवण झाली. दुकानदारानं आधी सहाव्या पिढीचा इंटेल दाखवला, हजारभर रुपयांनी स्वस्त. दादा म्हणाला, नको. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालतं. नाव बघायचं आय फाइव्हच्या पुढचं, आकडा निदान 8 नं सुरू झाला पाहिजे. 8 जीबी रॅम, 256 ची एसएसडी. काहींत रॅम बोर्डाला जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून 4 जीबीचा घेऊन पुढे बघू असं करायचं नाही.

मग त्यानं आठव्या पिढीचा काढला, आणि दादानं त्यावर काळी खिडकी उघडून पॉवरसीएफजी आणि बॅटरीरिपोर्ट असं काहीतरी मारलं. एक पान तयार झालं. त्यात बॅटरी मुळात किती भरायची आणि आता किती भरते ते लिहून येतं: मूळ 48,000, आता 33,000. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं 18,500 सांगितले होते, ते 17,000 वर आले, आणि उरलेल्या पैशांत पुढेमागे नवी बॅटरी बसते. हाच लॅपटॉप टाइप-सी नं चार्ज होतो, म्हणजे चार्जर हरवलास (हरवशीलच) तर फार अडणार नाही.

500 रुपये देऊन मी तो शनिवारपर्यंत अडकवून ठेवला आहे. तुला नकोच वाटला तर 500 माझे गेले, त्याचं बोलणं तुला ऐकावं लागणार नाही. शुक्रवारी रात्रीच्या बसनं ये. तुझा तो न सरकणारा तक्ता पेनड्राइव्हवर घे, दुकानातच उघडून बघू. एकेक बटण मी दाबून बघते, स्पेसबार दोन्ही टोकांनी दबतो का ते खास.

बाबा म्हणतात, येताना भोपाळहून काही आणू नकोस, फक्त मळके कपडे कमी आण.

तुझी,
आई

ता. क. आजीनं दोन्ही वस्तूंचे फोटो पाहिले. टॅबलेटला ती पाटी म्हणते आणि लॅपटॉपला पेटी. तिचं म्हणणं, पोरीला पेटी द्या, पाटी मला द्या. चेष्टा वाटली, पण तिचं चुकत नाही. तिला टाइप करायचंच नाही, कीर्तन बघायचंय, मोठ्या अक्षरात पेपर वाचायचाय, आणि तुझं तोंड फोनपेक्षा मोठं दिसायला हवंय. तिचं हयातीचं प्रमाणपत्रही गेल्या नोव्हेंबरात दादाच्या फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनच भरलं. भांडी घासून घासून तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उठतच नाहीत. तेव्हा तुझ्या त्या सात-आठ लिंका पुसू नकोस.