लांडग्याने नेलेल्या कोकराचा पंचनामा कसा व्हायचा?

संपादक महोदय,

मी घाटकोपरला राहतो, पण माझा थोरला भाऊ आजही मेंढरांमागे आहे. गाव बारामती तालुक्यात, सुप्याकडे. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे माणसे-मेंढरांचा फिरता तळ, घाट उतरून पनवेल-पेणच्या बाजूला येतो आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा माळावर जातो.

लांडगा आम्हाला नवा नाही. एखादे मेंढरू गेले तर जुनी माणसे 'त्याचा वाटा गेला' म्हणत. पण माळ नांगरले गेले, प्लॉट पडले, चिंकारा-ससे कमी झाले. आता लांडग्याने खायचे तरी काय?

भरपाईचा नियम आहे, पण मेलेले जनावर समोर हवे. ते हलवायचे नाही, वन खात्याला वर्दी द्यायची, पंचनाम्याची वाट पाहायची. कोकरू तर लांडगा तोंडात धरूनच नेतो, मागे काही उरत नाही. शिवाय वाडा दोन दिवसांत पुढे सरकतो. कळप उपाशी ठेवून माणूस थांबणार कसा?

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये हाच पेच होता. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995-96 साली कॅनडातून आणलेले 31 लांडगे सोडले, तेव्हा गुरेवाल्यांनी जोरदार विरोध केला. तिथले एल्क हे मोठे हरीण लांडग्याचे मुख्य भक्ष्य. पण हिवाळ्यात तेच गुरेवाल्याच्या गवताच्या गंजी खाते, त्याच्यापासून गुरांना ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा रोगही होतो. राज्य एल्कने केलेल्या नुकसानीचे पैसे देते आणि लांडग्याने केलेल्या नुकसानीचेही. लांडग्यांसाठी ठरवलेल्या पट्ट्यात एक वासरू किंवा मेंढरू लांडग्याने मारल्याचे सिद्ध झाले, तर न सापडलेली धरून सात जनावरांपर्यंत भरपाई देता येते. डोंगरात मढी सापडत नाहीत, हे सरकारनेच मान्य केले आहे. त्या पट्ट्याबाहेर मात्र लांडगा दिसताच मारायला मुभा आहे. ते आपण मुळीच घेऊ नये.

आपल्याकडे सात नको, एका सिद्ध जनावरामागे दोन धरा. वाघरीजवळचे, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीजवळचे ठसे, मोबाइलवरचा फोटो, शेजारच्या वाड्याची साक्ष पुरावा म्हणून चालू द्या. वाडा असेल तिथल्या वन कार्यालयात वर्दी घ्या, गाव कोणते म्हणून परत पाठवू नका. हातात काहीच पडत नाही, तेव्हा मढ्यावर विष टाकणारेही निघतात. माझा भाऊ ते करणार नाही, पण सगळ्यांची हमी मी कशी देऊ?

जूनच्या आसपास वाडे घाट चढून जातील. त्याआधी तसा शासन निर्णय निघावा, ही वनमंत्र्यांना विनंती.

– एका मेंढपाळाचा भाऊ, घाटकोपर, मुंबई