नॅक्सोस बेटासाठी आठवडा हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत ग्रीसच्या सहलीविषयी आलेला लेख वाचला. लेख वाचनीय होता, परंतु ग्रीक बेटे म्हणून त्यात सँटोरिनीची पांढरी घरे, निळे घुमट आणि मिकोनोसच्या पवनचक्क्या एवढ्यांचेच वर्णन आले. आमच्या परिचयातील बहुतेकांच्या सहलीही याच दोन बेटांवर दोन-दोन रात्री काढून संपतात. मी आणि माझे यजमान गेल्या वर्षी मे महिन्यात नॅक्सोस या बेटावर आठ दिवस राहिलो. सहलीची चौकशी करताना एका पर्यटन कंपनीने आम्हांला "तिथे एका दिवसापेक्षा जास्त पाहण्यासारखे काही नाही" असे सांगितले होते. ते किती चुकीचे होते, हे आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नॅक्सोस हे सिक्लाडिस द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने तेथे पोहोचायला साधारण पाच तास लागतात. बेटाच्या मध्यभागी उंच डोंगर आहेत, त्यांच्या पायथ्याशी सुपीक खोरी आहेत, आणि त्यामुळे हे बेट कधीच केवळ पाहुण्यांच्या भरवशावर जगलेले नाही. येथील बटाटा आणि ग्राव्हिएरा नावाचे चीज संपूर्ण ग्रीसमध्ये नावाजलेले आहे. ऑलिव्हच्या बागा, मेंढ्यांचे कळप आणि दगडी बांधांची शेते पाहत बस डोंगर चढू लागते, तेव्हाच या बेटाचे खरे रूप दिसू लागते.

बोटीतून उतरण्यापूर्वीच डावीकडे एका टेकाडावर संगमरवराची एक प्रचंड चौकट दिसते. ही पोर्तारा. इसवी सनापूर्वी सुमारे ५३० मध्ये लिग्दामिस या सत्ताधीशाने येथे अपोलोचे भव्य मंदिर बांधावयास घेतले, परंतु त्याची सत्ता गेली आणि काम अर्धवटच राहिले. पुढील शतकांत मंदिराचे दगड इतर बांधकामांसाठी नेले गेले. दाराच्या शिळा मात्र इतक्या अवजड, की त्या जागच्या हलल्या नाहीत. सूर्यास्ताच्या वेळी तेथे गर्दी होते, म्हणून आम्ही पहाटे गेलो आणि त्या चौकटीतून उलट्या बाजूला बंदरालगतचे मुख्य गाव जागे होताना पाहिले. गावाच्या वरच्या अंगाला तेराव्या शतकात व्हेनिसच्या मार्को सानुदोने बांधलेला कास्त्रो हा किल्ला आहे. त्यातील अरुंद, कमानींखालून जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये आजही लोक राहतात.

तथापि, मला विशेषकरून लिहावयाचे आहे ते डोंगरातील गावांविषयी. हाल्की या गावी १८९६ पासून चालत आलेली एक भट्टी आहे. तेथे कित्रोन या झाडाच्या पानांपासून त्याच नावाचे मद्य काढतात. झाड पाहिले आणि मी थबकलेच, कारण ते आपले महाळुंग होते. आम्ही कोल्हापूरचे. अंबाबाईच्या हातातील महाळुंग लहानपणापासून पाहत आलेलो, परंतु ते झाड असे जवळून मी प्रथम पाहिले ते एजियन समुद्रातील बेटावर. आम्ही दोघेही मद्य घेत नाही. तरीही तेथील तांब्याचे जुने पात्र आणि पानांचा तो तीव्र सुगंध यांसाठी अर्धा दिवस तेथे घालवला, याचे मला समाधान वाटते.

त्याहून वर, सहाशे मीटरहून अधिक उंचीवर, आपिरांथोस आहे. या गावातील गल्ल्यासुद्धा संगमरवरी फरशीच्या आहेत. येथील लोक 'कोत्साकिया' नावाची यमक जुळवलेली दोन ओळींची कडवी जागच्या जागी रचतात. एकाने टाकले की दुसऱ्याने उत्तर द्यायचे. मानोलिस ग्लेझोस यांचा जन्म याच गावी १९२२ मध्ये झाला. जर्मनांनी अथेन्स घेतल्यावर ३० मे १९४१ च्या रात्री एका मित्रासह अ‍ॅक्रोपोलिसवर चढून नाझी झेंडा उतरवणारे ते हेच ग्लेझोस. उतारवयात ते गावाचे प्रमुख म्हणून निवडून आले आणि गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वांनी मिळून घ्यावेत, असा प्रयोग त्यांनी येथे केला.

या गावांची दुसरी ओळख म्हणजे कुरुंद. कात्री-सुरीला धार लावण्याच्या चाकात आणि एमरी पेपरमध्ये वापरला जाणारा हा कठीण दगड आपिरांथोस आणि कोरोनोसच्या परिसरातील खाणींतून पिढ्यान्‌पिढ्या निघत आला. इंग्रजीतील कोरंडम हा शब्द तमिळमधून गेला आहे आणि त्याचे नाते आपल्या कुरुंदाशीच आहे. गेल्या शतकात डोंगरातून खाली मुत्सूना बंदरापर्यंत हा दगड वाहून नेण्यासाठी हवाई तारमार्ग उभारला होता. त्याचे लोखंडी मनोरे आणि तारेवर लटकलेली गंजके पाळणे आजही जागेवर आहेत. मुत्सूनाच्या धक्क्यावर बसून, खाणीत आयुष्य गेलेल्या माणसांचा विचार करीत आम्ही बराच वेळ घालवला. एवढ्या मोलाच्या जागेचा उल्लेख आम्ही घेतलेल्या एकाही सहलपत्रकात नव्हता, याचे मनापासून वाईट वाटते.

उत्तर टोकाला आपोलोनास येथे जुन्या दगडखाणीतच दहा मीटरहून लांब अशी अर्धवट कोरलेली पुरुषमूर्ती आडवी पडून आहे. तिला दाढी असल्याने ती मद्यदेव डायोनिससची असावी, असे मानतात. फ्लेरिओच्या परिसरात अशाच, पण याहून लहान, दोन मूर्ती आहेत. त्यांपैकी एकीचा पाय मोडलेला असून ती अडीच हजारांहून अधिक वर्षे झाडांच्या सावलीत निजलेली आहे. दक्षिणेस सांग्रीजवळ शेतांच्या मधोमध धान्यदेवता डिमिटरचे संगमरवरी मंदिर आहे. या देवीला याहून योग्य जागा असू शकत नाही. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी झास हा हजार मीटरहून किंचित उंच डोंगर अवश्य चढावा. वाटेवरील खडकावर 'मेंढ्यांचा राखणदार झ्यूस' याचा डोंगर, अशा अर्थाचा प्राचीन लेख कोरलेला आहे.

समुद्रकिनारे पश्चिमेला आहेत. गावालगतचा आयिओस येओर्यिओस उथळ व शांत, पुढे आयिओस प्रोकोपिओस, आयिया आना, आणि त्यापलीकडे प्लाकाची कित्येक किलोमीटर लांब पुळण. आणखी दक्षिणेला अलिको येथे जुनिपरच्या वाकड्यातिकड्या झाडांची राई थेट वाळूपर्यंत उतरते. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी वारा या किनाऱ्यांवर जोराचा असतो.

या किनाऱ्यांसंबंधी एक गोष्ट वाचकांनी जाणूनच तेथे जावे. २०२३ मध्ये शेजारच्या पारोस बेटावर स्थानिक लोक टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांनी सार्वजनिक वाळू गिळली जात असल्याचा त्यांनी निषेध केला. ती चळवळ नॅक्सोसवरही पोहोचली. त्यानंतर २०२४ च्या कायद्याने किनाऱ्याचा किमान निम्मा भाग, आणि संरक्षित क्षेत्रांत ७० टक्के भाग, मोकळा ठेवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात पावसाअभावी बेटावरील जलाशय आटले, विहिरींत खारे पाणी शिरले आणि बटाट्याचे पीक घटले. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळून मे किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात जावे, खोलीत पाणी जपून वापरावे आणि शक्यतो डोंगरातील गावांतही एक-दोन मुक्काम करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शाकाहारी वाचकांनी भोजनाची चिंता करू नये. टोमॅटोत भाजलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, भात भरून शिजवलेली ढोबळी मिरची व टोमॅटो, बटाटे आणि चीज सर्वत्र मिळते. मोटार चालवायची नसेल तर बंदरापासून निघणारी बस पुरेशी आहे. मात्र रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

ग्रीसविषयी पुन्हा लेख येईल तेव्हा पुरवणीचे निदान एक पान हाल्की, आपिरांथोस आणि मुत्सूना यांना द्यावे, ही विनंती.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर