आजोबा, लेस आता मीच बांधतो

आजोबा,

हे पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजीत मी तुम्हाला 'थँक यू' किती वेळा म्हणालो त्याला गणती नाही, पण दर वेळी ते तोकडंच पडलं. तुम्ही घर विकून लेकीकडे ओंटारिओत राहायला गेलात त्याला तीन आठवडे झाले. शनिवारी रात्री आम्ही वस्तीतल्या बर्फाच्या रिंकवर गेलो, तर बर्फ धरायला पाणी मारत दुसराच कुणीतरी उभा होता आणि तुमची ती निळी टोपी कुठेच दिसेना. पोरगा काही बोलला नाही, मीही बोललो नाही. घरी येऊन लिहायला बसलो. तो हे तुम्हाला फोनवर इंग्रजीत सांगेल, अडला तर मी बाजूला असेनच. बाकीच्या मराठी लोकांनीही वाचावं असं वाटतं, कारण लेकराबाळांना घेऊन या थंडीत येऊन पडलेली आपली माणसं आता कॅनडात, या कॅलगरीतही कमी नाहीत.

आधी ज्यांनी आम्हाला परत पाठवलं त्यांच्याबद्दल चार ओळी लिहितो, नाहीतर ते मनात तसंच राहील.

कोल्हापूरहून इथे आलो तेव्हा पोरगा अकरा वर्षांचा होता. वर्गातली निम्मी पोरं आइस हॉकी खेळणारी. त्यालाही खेळायचं होतं. एका ठिकाणी चौकशीला गेलो. तिथल्या प्रशिक्षकाने जन्मतारीख बघितली आणि पोराच्या देखत सांगून टाकलं, की इथली मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी बर्फावर उतरतात, आता उशीर झाला. त्याला बर्फावर उभं करून बघण्याइतकी पाच मिनिटंही त्या माणसाकडे नव्हती. दुसऱ्या ठिकाणी फॉर्म भरला, उत्तर आलंच नाही. गणपतीच्या कार्यक्रमात आपल्यातल्याच एका भल्या माणसाने समजूत घातली, "हा आपल्या लोकांचा खेळ नव्हे हो, बुद्धिबळाला घाला." तो प्रेमाने बोलला, म्हणून जास्त लागलं. ज्याचे वडील भारतातून आले तो मॅनी मल्होत्रा या देशात वाढून एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये, ९९१ सामने खेळला, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर तिथेच सांगितलं असतं.

अकरा वर्षांच्या पोराला 'उशीर झाला' म्हणून सांगतात. गाडीत परत येताना त्याने खिडकीबाहेर बघितलं ते घर येईपर्यंत. बाप म्हणून तो अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही.

मग डिसेंबरातली ती संध्याकाळ. उणे अठरा. जुन्या बाजारातून घेतलेले स्केट घेऊन आम्ही वस्तीतल्या उघड्या रिंकवर आलो. मी बुटाची बांधावी तशी त्याची लेस बांधली, वर फुलाची गाठ मारली. तो उभा राहिला आणि दोन्ही घोटे आत वळले. पडला, उठला, पुन्हा पडला. आजूबाजूला बरीच माणसं होती, सगळी शहाणीसुरती. कुणी हसलं नाही, पण जवळही कुणी आलं नाही.

तुम्ही नळी खाली ठेवलीत. चालत आलात, त्याला बाकावर बसवलंत, हातमोजे काढून खिशात घातलेत आणि बर्फावर गुडघे टेकून त्याचा पाय मांडीवर घेतलात.

मी दचकलो, आजोबा. का ते तुम्हाला तेव्हा कळलं नसेल. आमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पोरासोराच्या पायाला हात लावायचा म्हणजे आम्हाला पाप लागल्यासारखं होतं. मी "नको, नको" करत तुमच्या खांद्याला धरलं. तुम्ही वर बघितलंत, माझा हात हळूच बाजूला केलात आणि पहिली गाठ सोडलीत.

तेव्हा काय केलंत ते पायरीपायरीने माझ्या डोळ्यांसमोर आहे. लेस खालपर्यंत सैल केलीत. स्केटची जीभ सरळ ओढून मधोमध बसवलीत. मग त्याला टाच जमिनीवर दोनदा आपटायला लावलीत, म्हणजे टाच बुटाच्या पार मागे जाऊन बसते. पुढे बोटांपाशी लेस बेताची, पाऊल वळतं तिथे सगळ्यात घट्ट आणि वरच्या दोन भोकांत पुन्हा जरा ढिली, गुडघा पुढे वाकायला हवा म्हणून. लेस वर न ओढता बाहेरच्या बाजूला ओढायची. तुमची बोटं लाल झाली होती.

उजवा पाय झाला. डावा तुम्ही बांधला नाहीत. उठून बाजूला झालात, माझ्याकडे बघितलंत आणि मघाशी टेकला होतात त्या जागेकडे बोट दाखवलंत.

मी गुडघे टेकले. बांधलं. तुम्ही अंगठ्याने दाबून बघितलंत आणि सगळं सोडलंत. पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलंत. तिसऱ्या वेळी मान हलवलीत आणि खिशातून लाकडी मुठीची ती आकडी काढून माझ्या हातात दिलीत, लेस ओढायची.

आभार मानायचे आहेत ते त्या डाव्या पायाचे. दोन्ही पाय तुम्हीच बांधून दिले असतेत तरी पोरगा त्या दिवशी उभा राहिलाच असता. पण मग मी तिथे उभा राहून बघणारा, या देशातलं काहीच न येणारा बाप राहिलो असतो, आणि पोराने ते बघितलं असतं. तुम्ही त्याच्या डोळ्यांत माझी जागा राखलीत. इथे आल्यावर बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे तोच माझ्यासाठी बोलायचा. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मी त्याच्यासाठी काहीतरी केलं.

नंतर त्या लाकडी खोलीत हीटरपाशी थर्मासातला चहा देताना तुम्ही त्याचं वय विचारलंत. त्याने सांगितलं आणि पुढचं वाक्यही स्वतःच म्हणाला, उशीर झालाय म्हणून. त्यावर तुम्ही चेक हॉकीपटू यारोमिर यागरची गोष्ट काढलीत. पुढे दोन हिवाळे ती तुकड्यातुकड्याने चालली.

तुम्ही क्लाडनोजवळचे. पोलाद आणि कोळशाचं ते गाव, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागच्या पश्चिमेला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे शिरले आणि तुम्ही विशीत एका पिशवीनिशी बाहेर पडलात. यागर १९७२ साली त्याच गावात जन्मला. त्याच्या आजोबांची जमीन सरकारने घेतली, सामुदायिक शेतीत राबायला त्यांनी नकार दिला म्हणून तुरुंगात टाकलं, आणि ते वारले १९६८ सालीच. म्हणून त्याच्या पाठीवर ६८ आकडा. हे ऐकताना मी गप्प झालो होतो. आमचीही शेती आहे आजोबा, थोडीच, पण बांधावरून पिढ्या भांडल्यात. जमीन जाणं म्हणजे काय हे मला कुणी उलगडून सांगायला नको.

आणि मग तुम्ही म्हणालात, की यागर लहानपणी रोज हजार बैठका काढायचा. मी पोराकडे बघितलं, पोराने माझ्याकडे. माझे आजोबा तालमीत जायचे. हजार बैठकांची भाषा आमच्या घरात होतीच! त्या रात्री घरी जाऊन त्याचे जुने सामने बघितले आणि मला हा खेळ पहिल्यांदा कळला. यागर पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, घेऊन कडेच्या फळीपाशी जातो, खाली बसतो, पाठ आणि कंबर समोरच्याच्या अंगावर टाकतो, पाय फाकलेले, पक पुढे लांब. दोन-दोन धिप्पाड गडी ढकलतायत आणि हा हलत नाही. ती तर कुस्तीतली बैठक आहे. लाल मातीत मी ती शेकडो वेळा बघितलेली. वय झालं की खेळाडूचा वेग जातो, पण मांड्यांतली ताकद जपली तर उशिरापर्यंत साथ देते. त्याचा खेळ वेगावर नव्हे, मांड्यांवर उभा होता. आणि ती ताकद त्याने जपली. चाळिशीनंतरही रात्री उशिरा रिकाम्या रिंकवर, अंगात वजनाचं जाकीट आणि हातात जड स्टिक घेऊन तो एकटा सराव करायचा.

त्याची कारकीर्द पोराला आता पाढ्यांसारखी पाठ आहे. सोळाव्या वर्षी क्लाडनोच्या मोठ्या संघात. १९९० साली एनएचएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडला. आधीच्या कम्युनिस्ट राजवटीत कित्येकांना तिथे खेळण्यासाठी देशातून पळून जावं लागलं होतं. हा मात्र उघड गेला, कारण काही महिन्यांपूर्वीच ती राजवट कोसळली होती. १९९१ आणि १९९२ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, गुणांच्या (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) यादीत पाच वेळा पहिला, मधली तीन वर्षं सायबेरियातल्या ओम्स्कमध्ये आणि एकोणचाळीसाव्या वर्षी परत एनएचएलमध्ये. डिसेंबर २०१६ मध्ये मार्क मेसियरला मागे टाकून एकूण गुणांत दुसरा. पुढे फक्त वेन ग्रेट्झकी. १७३३ सामने, ७६६ गोल, १९२१ गुण.

पण तुम्ही आकड्यांवर कधी रेंगाळला नाहीत. तुम्ही सांगायचात ते १९९८ च्या नागानोचं. ऑलिंपिकचा उपांत्य सामना, चेक विरुद्ध कॅनडा. बरोबरी झाली, एकेकाने गोलरक्षकावर नेम धरायच्या शूटआउटवर गेलं आणि चेक गोलरक्षक हाशेकने कॅनडाचे पाचही नेम अडवले. दोन दिवसांनी रशियावर १-० आणि सुवर्णपदक. पोराने विचारलं, तुम्ही तीस वर्षं कॅनडात राहिलेले, मग कोणाच्या बाजूने होतात? तुम्ही बराच वेळ चहाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, त्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात एकट्याला रडू दिलं. तेवढंच. माझ्या पोराला हा प्रश्न पुढे कधीतरी कुणीतरी विचारणारच आहे. तुमचं ते उत्तर त्याच्यापाशी असेल.

आणि ९ नोव्हेंबर २०१७. यागर पंचेचाळीस वर्षांचा, आपल्या कॅलगरीच्या फ्लेम्सकडून खेळत होता. लोक म्हणत होते संपला, पाय राहिले नाहीत, कशाला घेतला याला. तुम्ही त्या रात्री फ्लेम्सच्या सॅडलडोम स्टेडियममध्ये होतात. डेट्रॉइटविरुद्ध त्याने गोल केला, ७६६ वा. एनएचएलमधला तो शेवटचाच ठरला. दुखण्यांनी बेजार होऊन २२ सामने कसेबसे झाले आणि जानेवारीत तो क्लाडनोला परतला, स्वतःच्याच मालकीच्या संघात. तिथे पुन्हा लेस बांधून खेळायला लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिट्सबर्गने त्याची ६८ नंबरची जर्सी सन्मानाने छताला टांगली, तेव्हा बावन्न वर्षांचा हा गडी घरच्या संघाकडून खेळतच होता. पोराला तुम्ही एवढंच विचारलंत, "याला उशीर झाला हे कोण सांगणार, तू?"

या शहरात मोठमोठ्या संस्था आहेत, त्यांच्या भिंतींवर 'सर्वांचं स्वागत' असं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्यापर्यंत आलात ते तुम्ही. तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं. शिनूक, म्हणजे डोंगराकडून येणारा गरम वारा, सुटून रिंकचं पाणी झालं की पुन्हा थंडी पडायची वाट बघत बसायचं आणि मग रात्री अकराला उठून पातळ-पातळ थर देत बर्फ धरायचा, हे तुम्ही वर्षानुवर्षं केलंत. सकाळी खेळायला येणाऱ्या पोरांना ते कुणी केलं हे माहीतही नसायचं. आमच्याकडे तालमीतला वस्ताद असाच पहाटे उठून माती खणतो, पोरं येण्याआधी. माझे आजोबा वस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. मी तुमच्याबद्दल बोलताना माझाही हात आपसूक जातो. बायकोने दाखवून दिलं तेव्हा कळलं.

पोराची बातमी तुम्हाला हवी असेल. या मोसमात त्याला संघात घेतलं. सगळ्यात खालच्या गटात, पण घेतलं. अजून गोल नाही. उलटं स्केटिंग करताना डावीकडे वळला की अजून पडतो. संघात ६८ नंबरची जर्सी नव्हती, ८ मिळाली. मग त्याने स्टिकच्या टोकाला पांढरी टेप गुंडाळून त्यावर पेनाने ६८ लिहिलंय. सकाळी दात घासायच्या आधी बैठका काढतो, सध्या दीडशे. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता, दोनशे झाल्यावर स्वतः सांगणार होता.

तेरा वर्षांचा झालाय, लेस स्वतः बांधता येते. पण सामन्याआधी बाकावर बसला की पाय माझ्यापुढे करतो. उजवा आधी, मग डावा. मी गुडघे टेकतो.

तुमची आकडी माझ्याकडेच राहिली, आजोबा. तुम्ही निघालात त्या दिवशी परत द्यायला म्हणून खिशात घालून आलो होतो, पण हात खिशातून बाहेर आला नाही. उन्हाळ्यात आम्ही तिघंही तिकडे येतोय, तेव्हा घेऊन येईन. मोसम संपेपर्यंत मात्र राहू द्या.

तुमचा,
डाव्या पायाचा बाप