म्हणे ‘सहकलाकारांची साथ उत्तम’!

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीतला ‘शाळा’ चित्रपटावरचा लेख वाचला. तुमच्या समीक्षकांनी केतकी माटेगावकरच्या डोळ्यांना अख्खा परिच्छेद दिला, ते ठीकच. पण दिलीप प्रभावळकर, नंदू माधव, जितेंद्र जोशी आणि देविका दफ्तरदार या चौघांची बोळवण केली तीन शब्दांत: ‘सहकलाकारांची साथ उत्तम’. लग्नाच्या आहेरावर ‘स्वीकार केला’ लिहितात तसं!

चित्रपट कुठं कुठं सैल आहे, हे मान्य. मिलिंद बोकिलांच्या मूळ कादंबरीतला नायक जोशी मनातल्या मनात जेवढं बोलतो, तेवढं पडद्यावर येणार कुठून? ती पोकळी भरली कोणी? याच ‘सहकलाकारांनी’. जितेंद्र जोशींचा नरूमामा आला की थिएटर हसायचं. आणि देविकाबाईंच्या बेंद्रेबाई पाहून मला माझीच वर्गातली उभं राहण्याची ढब आठवली.

२०१२च्या जानेवारीत मी माझ्या नववीच्या वर्गाला हा चित्रपट दाखवायला नेलं होतं. सुरुवातीला शिट्ट्या, चिवड्याच्या पुड्यांची कुरकुर, मागच्या रांगेतून माझ्याच आवाजाची नक्कल. मुख्याध्यापकांच्या खोलीतला प्रसंग आला आणि सगळे गप्प. बाहेर पडताना एक मुलगा, एरवी गृहपाठाची वही कधीही न आणणारा, माझ्या शेजारून चालत हळूच म्हणाला, “बाई, असे वडील खरंच असतात?” मी काय सांगणार? रिक्षा बघ, म्हटलं.

आठवड्याभरात संस्थेचं पत्र हातात: ‘विद्यार्थ्यांना प्रेमप्रकरणाचा चित्रपट दाखविल्याबद्दल लेखी खुलासा करावा.’ मार्चमध्ये ‘शाळा’ला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तुमच्याच पेपरातलं कात्रण जोडून मी खुलासा दिला. तो मान्य झाला की नाही, हे मी निवृत्त झाले तरी कुणी कळवलेलं नाही. त्या मुलाचा प्रश्न जोशीच्या वडिलांच्या भूमिकेतल्या नंदू माधव यांच्या कामामुळे पडला होता. आपल्या समीक्षकांना तेवढं कळवावं, ही विनंती.

जाता जाता, गुरुवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून छापलेलं नाही. आडवे सतरामध्ये चार चौकोन आहेत आणि शब्द तीन अक्षरी बसतो. चूक माझी असेल तर तसं छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त वर्गशिक्षिका, सांगली